जुन्या सॅम्पलरचे मंदावलेले पॅड घरच्या घरी कसे दुरुस्त करायचे

लातूरला माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. गेल्या वर्षी नवरात्र उरकल्यावर तुळजापूरकडचे एक गोंधळी मामा तिथे येऊन बसले होते. त्यांच्या संबळाचा एकेक बोल आम्ही वेगळा रेकॉर्ड केला आणि सॅम्पलरच्या, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज पॅड दाबून वाजवायच्या मशीनच्या, सोळा पॅडवर लावला. मामांना म्हटलं, आता बोटांनी वाजवून बघा. त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट पाचव्या पॅडवर हलकंच टेकवलं. आवाज नाही. पुन्हा टेकवलं, तरी नाही. तिसऱ्यांदा चांगलंच दाबलं तेव्हा एकदम मोठ्यानं बोल आला. मामा म्हणाले, “दादा, ह्ये ठोकल्याबिगर बोलतच न्हाई. हलका हात कसा दाखवायचा ह्याच्यावर?”

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. संबळ काय, हलगी काय, ढोलकी काय, सगळी गंमत हलक्या हातात असते. दोन जोरकस बोलांच्या मधे जो पुसटसा बोल पडतो, त्यावर ठेका चालतो. पॅड थकला की सगळ्यात आधी हा पुसट बोल जातो. मोठा आवाज येत राहतो, त्यामुळे मशीन चांगलं आहे असंच आपल्याला वाटतं. वाजवणाऱ्याचा हात मात्र नकळत जड होत जातो.

ही दुरुस्ती घरी करता येते. स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर (विजेचा अडथळा वगैरे मोजायचं छोटं यंत्र), थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पातळ टेप आणि एक मोकळा रविवार एवढं पुरतं. आधी कधी मशीन उघडलं नसेल त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

कोणत्या मशीनबद्दल बोलतोय

माझ्याकडे अकाई कंपनीचा एमपीसी २००० एक्सएल आहे. पुण्यातून सेकंड हँड घेतलेला. या घराण्याचा पहिला सॅम्पलर, एमपीसी ६०, १९८८ साली आला. तो रॉजर लिन यांनी अकाईसाठी घडवला. चार रांगांत चार-चार असे सोळा रबरी पॅड, हा त्याचा नमुना पुढच्या कितीतरी मशीननी उचलला. १९९४ मध्ये एमपीसी ३०००, १९९७ मध्ये एमपीसी २००० आणि त्यानंतर एक्सएल आला. खाली डाव्या कोपऱ्यात एक नंबरचा पॅड आणि वर उजव्या कोपऱ्यात सोळा नंबरचा. आमच्या गंज गोलाई या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे लातूरकरांना सोळाचा हिशेब शिकवावा लागत नाही.

पॅडखाली दाब ओळखणारी प्लॅस्टिकची फिल्म असणाऱ्या जुन्या सॅम्पलरना पुढची रीत लागू पडते. काही साध्या सॅम्पलरमध्ये रबराच्या पोटाला काळं कार्बनचं टिकलीएवढं बटण असतं, जसं टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं. तिथे साफसफाईचा भाग उपयोगी पडेल, टेपचा नाही. आपल्या ऑर्केस्ट्रात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत वाजतो तो ऑक्टापॅड मात्र वेगळाच. तो काठीने वाजवण्यासाठी बनवलेला असतो आणि त्याची आतली रचना निराळी असते. हा लेख वाचून ऑक्टापॅड उघडू नका.

पॅडच्या खाली काय असतं

हे नीट समजून घ्या. इथे समजलं की पुढचं निम्मं काम झालं.

वर दिसतो तो सिलिकॉन रबराचा पॅड. त्याच्याखाली पातळ प्लॅस्टिकचे दोन थर एकमेकांवर बसवलेले असतात. एका थरावर चांदीच्या शाईने दोन कंगवे एकमेकांत घुसवल्यासारख्या बारीक रेघा छापलेल्या असतात, पण त्या एकमेकींना टेकत नाहीत. दुसऱ्या थरावर कार्बनची काळी शाई असते. दोन थरांच्या मधे कडेकडेने चिकट पट्टी असते आणि त्या पट्टीच्या जाडीएवढी हवेची फट राहते. बोट टेकलं की वरचा थर वाकतो, कार्बन त्या रेघांना चिकटतो आणि वीज एका कंगव्यातून दुसऱ्यात जाते. जोर वाढला की जास्त जागा टेकते आणि अडथळा कमी होतो. याला फोर्स सेन्सिंग रेझिस्टर, थोडक्यात एफएसआर म्हणतात. हा बदलता अडथळा मशीन मोजतं आणि १ ते १२७ मधला एक आकडा ठरवतं. त्याला वेलॉसिटी म्हणतात. १ म्हणजे जेमतेम स्पर्श, १२७ म्हणजे पूर्ण जोर.

आता पंचवीस वर्षांत काय होतं ते बघा. बोटांच्या सततच्या माराने रबराच्या पोटाखालचा उंचवटा दबून सपाट होतो. म्हणजे रबर आणि फिल्म यांच्यात एक जादा फट पडते. केसाएवढीच, पण हलका स्पर्श त्या फटीतच विरतो. दुसरं, घाम आणि तेल रबरात मुरतं, वरून चकाकी येते, खाली मळ साचतो. तिसरं कारण आपल्या भागाचं आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत चाळीस अंशांच्या वर पारा गेला की दोन थरांमधली चिकट पट्टी मऊ होते आणि आत सरकते. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की धुरळा बंद खोलीतसुद्धा शिरतो. काळ्या मातीची ती धूळ इतकी बारीक असते की पॅडच्या कडेच्या फटीतून सरळ आत उतरते.

माझ्या अनुभवात खुद्द सेन्सर मेलेला फार कमी वेळा सापडतो. बहुतेक वेळा मळ असतो, नाहीतर ती केसाएवढी फट. हलगीवाला वाजवण्याआधी हलगी शेकतो, कारण कातडं सैल पडलं तर बोल उठत नाही. पॅडचंही तसंच आहे, ताण सैल पडलेला असतो. सरळ नवा सेन्सर मागवण्याआधी हे तपासून घ्या.

उघडण्याआधी दोष शोधा

एका वहीत चार बाय चारचा चौकोन आखा. मशीन चालू करून सगळ्या पॅडवर एकच आवाज लावा, म्हणजे तुलना सोपी जाईल. मी छोटा कोरडा आवाज घेतो, टाळीसारखा. लांब घुमणाऱ्या आवाजात फरक ऐकू येत नाही.

आता प्रत्येक पॅड तीन प्रकारे वाजवा. नुसतं बोट टेकवून, मध्यम, आणि जोरात. तिन्ही वेळा काय झालं ते त्या त्या चौकोनात लिहा. मग पॅडच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर वाजवून बघा. मध्यावर मेलेला पण कोपऱ्यावर जिवंत असेल, तर तिथला उंचवटा किंवा शाई झिजली आहे. मी सगळ्यात शेवटी भजनी ठेका एकाच पॅडवर दोन मिनिटं वाजवतो. त्यात जोरकस आणि हलके बोल आलटून पालटून येतात, त्यामुळे कुठला गळतोय ते लगेच कळतं.

‘फुल लेव्हल’ नावाचं बटण असेल तर या तपासणीत ते बंद ठेवा. ते चालू असलं की कसंही वाजवा, प्रत्येक बोल १२७ नेच येतो आणि दोष झाकला जातो. कितीतरी जण थकलेल्या पॅडवर हा उपाय करून वर्षानुवर्षं वाजवतात. त्यात हलका हात कायमचा जातो.

वहीतलं चित्र बरंच काही सांगतं. इथेतिथे दोन-चार पॅड मंद असतील तर मळ किंवा झीज. खालच्या दोन रांगा मंद आणि वरच्या टवटवीत असतील तर नक्कीच झीज, कारण ढोल आणि टाळी सगळे जण खालच्याच पॅडवर लावतात. एक अख्खी रांग एकदम मुकी असेल तर पॅडचा दोष नाही, केबल किंवा तिची जोडणी बघायची. आणि एखादा पॅड हात न लावता आपोआप वाजत असेल तर तो आधीच दाबलेल्या अवस्थेत आहे. त्याला टेप लावायचा नाही, उलट काढायचा.

उघडताना

या मशीनच्या मेमरीतले आवाज वीज बंद होताच जातात. आधी सगळं फ्लॉपीवर, झिप डिस्कवर किंवा जे असेल त्यावर सेव्ह करा आणि एकदा परत लोड करून खात्री करा. जुनी फ्लॉपी ऐनवेळी दगा देते, दोन प्रती ठेवा.

मागची पाटी वाचा. जपानसाठी बनलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेसाठीचं १२० चं. आपल्या घरात २३० असतात. तसं मशीन असेल तर स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते लावायचंच नाही.

आता पिन भिंतीतून काढा. बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची. एक्सएलमध्ये वीजपुरवठ्याची पाटी आतच आहे आणि तिच्यावरच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही वीज साठून राहते. मी अर्धा तास थांबतो आणि उघडल्यावर त्या भागाला हातच लावत नाही. पॅडचं काम तिथून लांब असतं. झाकण उघडं ठेवून मशीन चालू करायचं नाही, अगदी ‘जरा बघू’ म्हणूनसुद्धा नाही.

टेबलावर जुनी सुती चादर अंथरा. नायलॉनची सतरंजी किंवा पॉलिस्टरचा शर्ट नको. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्याने अंगावर स्थिर वीज जमते आणि आतल्या चिपना ती मारक ठरते. अधूनमधून नळाच्या लोखंडी पाइपाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावत चला.

स्क्रूसाठी मी घरातला जुना मसाल्याचा डबा वापरतो. सात वाट्या, प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या वाटीत. खालच्या पाटीचे, बाजूचे, मागचे, पॅडच्या बोर्डाचे, सगळ्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो. स्क्रू काढण्याआधी आणि काढल्यानंतर मोबाइलवर फोटो काढा, केबलच्या प्रत्येक जोडणीचासुद्धा. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर शोधून ठेवा, उघडण्याचा क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो. झाकण उचलताना एकदम वर ओढू नका. दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्टीसारख्या केबल असतात. आधी चार बोटं उचला, टॉर्चने आत बघा, केबल सोडवा, मग बाजूला ठेवा.

पॅडचा भाग वरच्या पाटीच्या आतल्या बाजूला बसवलेला दिसेल. त्याच्या बोर्डाचे स्क्रू काढले की बोर्ड, फिल्म आणि रबर असे थर सुटतात. रबर एकसंध असेल किंवा तुकड्यांत. तुकड्यांत असेल तर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने नंबर टाका. ज्या जागी जे रबर मुरलंय, ते त्याच जागी परत गेलं पाहिजे.

साफसफाई

रबर कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचा थोडा फेस करून बोटांनीच चोळून धुवा. ब्रश नको. रबराच्या पोटाला काळा कार्बन नसेल तरच पाण्यात घाला. कार्बन असेल तर ओलसर मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या. धुतलेलं रबर सावलीत रात्रभर वाळू द्या. उन्हात किंवा हेअर ड्रायरपुढे घाई करू नका. खाचेत थेंबभर पाणी राहिलं तरी ते फिल्मवर उतरतं.

फिल्मला पाणी लावायचं नाही. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, कापड पिळून घ्या आणि वरचा पृष्ठभाग एकाच दिशेने पुसा. मोबाइल दुरुस्तीवाले याला आयपीए म्हणतात आणि त्यांच्याकडे ते असतंच. संभाजीनगरला पैठण गेटला, लातूरला गोलाईच्या आसपास, नांदेडला वजिराबादेत विचारलं तर टेप आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरही मिळून जातील. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर आणि सुगंधी सॅनिटायझर यांतलं काहीच चालत नाही. पहिली तीन छपाईच खाऊन टाकतात आणि सॅनिटायझरचा चिकट लेप मागे राहतो.

फिल्मच्या कडेला दोन थरांच्या मधून बाहेर येणारी एक अरुंद वाट दिसेल. आतली हवा येजा करायला ती ठेवलेली असते. दाबलं की हवा बाहेर, सोडलं की आत. त्या वाटेजवळ ओलं कापड नेऊ नका, अल्कोहोल आत शिरलं तर थर एकमेकांना चिकटून बसतात. पुढे टेप लावतानाही ही वाट बुजू द्यायची नाही.

मल्टिमीटरने सेन्सरची नाडी बघा

फिल्मची एक चपटी शेपटी बोर्डाच्या कनेक्टरमध्ये गेलेली असते. काही कनेक्टरना बारीक कुलूप असतं, ते आधी दोन्ही बाजूंनी समान उचलायचं. काहींत कुलूप नसतं, शेपटी सरळ रेषेत हळू ओढायची. तिरकी ओढली की चांदीची रेघ तुटते आणि ती पुन्हा जोडणं जिकिरीचं असतं.

फिल्म खिडकीसमोर धरून बघा. सगळ्या पॅडना किंवा पॅडच्या एका गटाला जाणारी सामाईक रेघ कुठली आणि एकेका पॅडची कुठली, हे उजेडात ओळखू येतं. मल्टिमीटर २०० किलोओहमवर ठेवा. एक टोक सामाईक रेघेवर, दुसरं त्या पॅडच्या रेघेवर. टोकं टोचायची नाहीत, आडवी टेकवायची, नाहीतर शाई खरवडते. काही दाबलेलं नसताना साध्या मीटरवर डाव्या बाजूला नुसता ‘१’ दिसतो, म्हणजे अडथळा मीटरच्या आवाक्याबाहेर आहे. हेच हवं. आता दुसऱ्या कुणाला तरी त्या पॅडच्या जागी बोट ठेवायला सांगा. आकडा उतरू लागेल, जोर वाढवला की आणखी खाली जाईल, सोडला की परत ‘१’. माझी मुलगी हे काम करते आणि आकडा मोठ्याने वाचते.

नेमका आकडा किती यावा हे मशीनप्रमाणे वेगळं असतं, म्हणून वहीत ‘चांगला’ लिहिलेल्या पॅडशी तुलना करा. मंद पॅडचा सेन्सर बोटाखाली चांगल्या पॅडसारखाच वागत असेल तर सेन्सर ठणठणीत आहे, दोष रबराच्या फटीत आहे आणि पुढे सांगतो ती रीत त्यासाठीच आहे. न दाबताही आकडा दिसत असेल तर आत ओल किंवा सरकलेली चिकट पट्टी आहे. कितीही दाबलं तरी ‘१’ हलत नसेल तर रेघ तुटली आहे किंवा शाई संपली आहे.

टेपचे थर, म्हणजे खरं काम

फट भरायची म्हणजे रबर आणि फिल्म यांच्यात पातळ थर ठेवायचा. तो कुठे लावायचा यात नवे लोक चुकतात. रबराच्या पोटाला लावू नका. सिलिकॉनला टेप धरतच नाही, आठवड्यात सुटून गोळा होतो. फेविक्विकनेही ते जमत नाही, उलट त्याची वाफ फिल्मवर पांढरी बसते. थर फिल्मच्या वरच्या गुळगुळीत अंगावर लावायचा, पॅडच्या बरोबर मध्यावर.

कोणता टेप? वायरमनचा काळा पीव्हीसी टेप सगळीकडे मिळतो आणि जगभरात लोक तोच वापरतात. त्याचा एक थर साधारण ०.१३ मिलिमीटर असतो. आपल्या हवेत मी तो वापरायचं सोडून दिलंय. पहिल्या वेळी मी सोळाही पॅडना सरसकट चार-चार थर लावले. फेब्रुवारीत मशीन असं काही वाजायचं की फुंकर मारली तरी बोलेल. एप्रिलच्या एका दुपारी, एका बाईंच्या ओव्या रेकॉर्ड होत असताना, चौदा नंबरचा पॅड स्वतःहून वाजू लागला. त्या डोळे मिटून गात होत्या, दचकून थांबल्या. तो सूर त्या दिवशी परत लागला नाही. रात्री उघडून बघितलं तर टेपचा गोंद उष्णतेने पाघळून कडेने बाहेर आला होता, थर सरकले होते आणि रबर फिल्मवर कायमचं दाबून बसलं होतं. त्यात माझ्या दोन चुका होत्या. ज्यांना गरज नव्हती त्यांनाही थर दिले, आणि एकेक थर देऊन तपासलं नाही.

आता मी मोबाइलवाल्यांचा पिवळसर तपकिरी कॅप्टॉन टेप वापरतो. तो उष्णतेसाठीच बनवलेला असतो, गोंद पाघळत नाही. गोंदासकट त्याची जाडी साधारण ०.०६ मिलिमीटर, पीव्हीसीच्या निम्मी. त्यामुळे फट बारीक मापाने भरता येते. दुकानात मागताना ‘कॅप्टन टेप’ म्हणालात तरी देतात.

काम असं करा. काचेच्या तुकड्यावर टेप चिकटवा आणि नव्या ब्लेडने चौकोन कापा. चौकोन पॅडच्या खालच्या सेन्सरच्या जागेपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान हवा. तो कडेच्या चिकट पट्टीवर चढला तर वरचा थर वाकत नाही आणि पॅड आणखी कडक होतो. चौकोन चिमट्याने उचला, बोटाचं तेल गोंदाला लागू देऊ नका. एक कड टेकवा आणि दुसऱ्या कडेकडे हळूहळू बसवत न्या, जसं आपण मोबाइलवर काच बसवताना बुडबुडा राहू देत नाही. बुडबुडा राहिला तर ब्लेडने उचलून नवा तुकडा लावा. त्याच्यावर दाबून काढायच्या प्रयत्नात खालची फिल्म चुरगळते.

फक्त मंद पॅडना, आणि प्रत्येकाला एकच थर. मग रबर ठेवा, बोर्ड कसून घ्या, झाकण बंद करा, स्क्रू लावा, वीज द्या आणि वहीतली तीच तपासणी परत करा. दर वेळी पूर्ण बंद करून बघायचं हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण स्क्रूचा दाब हाही त्या फटीचाच भाग आहे, अर्धवट कसलेल्या मशीनवरचा निकाल खोटा येतो. अजून मंद असेल तर दुसरा थर. पहिल्यापेक्षा थोडा लहान चौकोन घ्या, म्हणजे मध्यभागी पूर्वीसारखा उंचवटा तयार होतो. माझ्या मशीनमध्ये सात पॅडना एक थर पुरला, चारांना दोन लागले, एका पॅडला तीन. बाकीच्या चारांना नुसत्या साफसफाईने जीव आला, त्यांना टेप लावलाच नाही.

थर जास्त झाल्याची खूण ओळखायला शिका. बोट एकदा टेकवलं आणि बोल दोनदा आला, किंवा शेजारचा पॅड वाजवताना हाही वाजला, की एक थर काढा. दुपारच्या उन्हाच्या वेळीही एकदा तपासा. रात्रीच्या गारव्यात बरोबर वाटलेला पॅड दुपारी वेगळा वागू शकतो.

फिल्मच गेली असेल तर

रेघ तुटली असेल किंवा थरांमधे ओल गेली असेल तर नवी सेन्सर फिल्म लावावी लागते. सुटे भाग विकणारे परदेशातून पाठवतात. मागवताना मॉडेलचं पूर्ण नाव आणि शेपटीवरच्या रेघांची संख्या जुळवा, २००० आणि २००० एक्सएल हे एकच समजू नका. जुनी फिल्म चिकटवलेली असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यातून सावकाश सोलायची आणि खालचा गोंद आयपीएने पुसून बोर्ड पूर्ण वाळू द्यायचा. नवी फिल्म बसली की टेप लावायची घाई करू नका. नव्या फिल्मवर जुनं रबर कसं चालतं ते आधी बघा. रबरही नवं घेतलंत तर थराची बहुधा गरज पडत नाही.

बंद करताना

शेपटी कनेक्टरमध्ये पूर्ण आणि सरळ गेली आहे ना, हे फोटोशी ताडून बघा. पॅडच्या बोर्डाचे स्क्रू कोपऱ्यातून समोरासमोरच्या कोपऱ्यात असे थोडे थोडे कसत जा, टायर बदलताना नट कसतो तसे. हाताला अडथळा लागला की थांबा. एका बाजूला जोर जास्त झाला तर त्या बाजूचे पॅड दबून बसतात, आणि तुम्ही टेपमध्ये चूक शोधत राहता. रबर पाटीच्या खिडक्यांत कुठे घासत नाही ना, हे प्रत्येक पॅड कडेने दाबून बघा. दाबलेला पॅड सोडल्यावर लगेच वर आला पाहिजे.

काही मशीनमध्ये पॅडची संवेदनशीलता कमीजास्त करायची सेटिंग असते. ती सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट. आधी सेटिंग ताणून ठेवली असेल तर ती मूळ जागी आणा आणि मगच तपासणी करा.

काम झाल्यावर सुती फडकं झाकून ठेवा, प्लॅस्टिकचं कव्हर उन्हाळ्यात आत वाफ धरतं. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. कार्यक्रमाच्या गावी पोचलात की पेटी आधी सावलीत उघडून अर्धा तास राहू द्या. पॅड चमकवायला सिलिकॉन स्प्रे किंवा डॅशबोर्डचं पॉलिश मारू नका, ते झिरपून फिल्मपर्यंत जातं. वाजवण्याआधी हात धुतले तरी खूप फरक पडतो.

माझ्या मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर सोळा चौकोन, प्रत्येकात किती थर लावले तो आकडा आणि खाली तारीख. पाचव्या चौकोनात ‘२’ लिहिलंय. यंदा चैत्री पुनवेनंतर मामा परत आले, त्याच पॅडवर मधलं बोट टेकवलं आणि संबळाचा तो पुसट बोल आला. त्यांनी दुसरा हातही पॅडवर आणला आणि चहा गार होईपर्यंत वाजवत बसले.